पंचवीस वर्षांपूर्वीच्या अत्याचाराचा त्रास आजही होऊ शकतो का?

प्रश्न (अमळनेर)
माझी धाकटी बहीण लग्नानंतर एकाही आखाजीला (अक्षय्य तृतीयेला, जेव्हा आमच्याकडे लेकी माहेरी येतात) माहेरी आली नाही. गेल्या महिन्यात तिने मला सांगितले, की ती ९ वर्षांची असताना, घरचे सगळे कापूस वेचायला शेतात गेले की, नात्यातलाच एक माणूस तिच्यावर लैंगिक अत्याचार करत असे. आज ती ३४ वर्षांची आहे; तिला झोप लागत नाही, पोटदुखीचे कारण डॉक्टरांना सापडत नाही आणि स्वतःच्या मुलीला ती क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. आई म्हणते, झाले-गेले उकरू नये. हा त्रास खरोखर त्याचाच असेल का?

उत्तर १ (समुपदेशक, जळगाव)
ताई, असू शकतो. लहान मूल अशा वेळी पळू शकत नाही की प्रतिकार करू शकत नाही. त्याचे शरीर सतत सावध राहायला शिकते आणि धोका टळल्यावरही ती सवय सुटत नाही. दचकून जागे होणे, उदासी, जवळच्या माणसाच्याही स्पर्शाची भीती आणि कारण न सापडणारी दुखणी त्यातूनच येऊ शकतात. पोटाच्या तपासण्या मात्र सोडू नका. मुलाला दोष स्वतःचाच वाटतो, हे मला यातले सर्वांत क्रूर वाटते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत सुमारे निम्मे अत्याचारी ओळखीचे किंवा विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी कोणालाच सांगितले नव्हते. मानसोपचाराने पुष्कळ फरक पडतो. सुरुवात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरूनही करता येईल.

उत्तर २ (धुळे)
मी स्वतः यातून गेले आहे. बाराव्या वर्षी घरी सांगितले, तेव्हा "कोणाजवळ बोलू नकोस" एवढेच ऐकायला मिळाले, आणि ते वाक्य मला अत्याचाराइतकेच छळत राहिले. तुमच्या आईचे बोलणे बहिणीच्या कानावर पडू देऊ नका.

उत्तर ३ (वकील, नंदुरबार)
पॉक्सो कायदा (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, त्यामुळे या घटनेला तेव्हाची भारतीय दंड संहिता लागेल. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला तक्रारीच्या मुदतीची अट नाही. तक्रार करायची की नाही, हे बहिणीलाच ठरवू द्या. पण त्या माणसाच्या आसपास आज लहान मुले आहेत का? एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते.

प्रश्नकर्ती
आहेत. तो दर आखाजीला आमच्याकडे नातवंडांसह जेवायला येतो. यंदा त्याला बोलावणे जाणार नाही, हे मी आईला सांगितले आहे. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. रविवारी मी बहिणीकडे जात आहे.