विजेत्यावरून लीगची ताकद कशी ठरवणार?

महिला फुटबॉलमध्ये कोणत्या देशाची लीग सर्वात तगडी, हे ठरवताना काहीजण एक निकष लावतात: चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, ज्या देशाचा क्लब जिंकतो त्याच देशाची लीग सर्वात तगडी. हा निकष मला अजिबात पटत नाही. त्यातून कळते ती एका क्लबची ताकद. फ्रान्सच्या लियों क्लबने ही स्पर्धा 8 वेळा जिंकली, पण तेवढ्यावरून तिथल्या लीगमधला तळाचा संघही जबरदस्त ठरत नाही.

स्पेनच्या बार्सिलोनाचंच बघा. 2021-22च्या हंगामात त्यांनी लीगचे 30 पैकी 30 सामने जिंकले. खेळ अप्रतिम, डोळ्यांचं पारणं फिटावं असा! पण दर आठवड्याला निकाल आधीच ठाऊक असेल, तर बाकीच्या संघांबद्दल काय म्हणायचं? त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मात्र लियोंने त्यांना 3-1 हरवलं.

याउलट अमेरिका. तिथल्या लीगमधला गॉथम एफसी हा क्लब 2022 मध्ये चक्क शेवटच्या क्रमांकावर होता आणि 2023 मध्ये विजेता. गुणतक्त्यात सहावा येऊन प्लेऑफमधून (साखळीनंतरच्या बाद फेरीतून) त्याने करंडक उचलला. पगारावर मर्यादा असल्याने एकाच क्लबला सगळ्या तारका गोळा करता येत नाहीत, हे त्यामागचं मोठं कारण. तिथे कुठलाच सामना गृहीत धरता येत नाही, म्हणून माझं मत अमेरिकेला.

इंग्लंडमध्ये पैसा आणि प्रेक्षक दोन्ही वाढलेत, 2025 ची चॅम्पियन्स लीगही आर्सेनलने मारली. तरी 2020 ते 2025 सलग सहा वर्षं लीगचं विजेतेपद चेल्सीकडेच होतं, हेही विसरू नका.