चक्रीफुलाचा काढा पिऊन फ्लू जातो का?

फ्लूचं औषध टॅमिफ्लू चक्रीफुलापासून बनवतात म्हणे, मग सरळ काढाच प्यायला तर चालेल ना?

— नाही हो. फळात शिकिमिक ॲसिड असतं, तो नुसता कच्चा माल, त्यावर फॅक्टरीत बऱ्याच प्रोसेस झाल्या की मग ओसेल्टामिविर (टॅमिफ्लूमधलं मूळ औषध) तयार होतं, काढ्यात ते कुठून येणार? वास मात्र ॲनेथोल या सुगंधी घटकाचा, बडीशेपेतही तेच.

— जपानी चक्रीफूल विषारी असतं बरं का, दिसायला जवळपास सेम आणि पावडर केली की संपलंच, नजरेने ओळखूच येत नाही. तान्ह्या बाळांना फिट्स आल्यात, २००३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) वॉर्निंग दिलेली.

— लागवड मुख्यतः दक्षिण चीन, व्हिएतनाममध्ये. फळं हिरवीच तोडतात, वाळली की तपकिरी होतात.

— ओके, मग बिर्याणीतच टाकतो 😄