३ ऑक्टोबर १९६५ राहिली की!

अमेरिकेच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या तारखांची यादी चालली आहे, त्यात ४ जुलै १७७६, पर्ल हार्बर, ११ सप्टेंबर हे सगळं आलंच आहे. पण अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख यादीत नाही: ३ ऑक्टोबर १९६५. त्या दिवशी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. हा काही क्रांतिकारी कायदा नव्हे, असं ते तिथेच म्हणाले. अंदाज पार चुकला म्हणायचा!

आधीची परिस्थिती बघा. १९ फेब्रुवारी १९२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांना ते 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते! पुढे इतर काही भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं. १९४६ मध्ये दार जरा किलकिलं झालं, पण कोटा वर्षाला फक्त १०० भारतीयांचा.

१९६५ च्या कायद्याने देशनिहाय जुने कोटे गेले आणि भारतालाही इतरांसारखीच वर्षाला २०,००० ची कमाल मर्यादा मिळाली. कुशल लोक आणि नातेवाईक यांना प्राधान्य. आपले डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतरच. नागरी हक्क चळवळीचा रेटा नसता तर हा कायदा झाला असता का, मला शंकाच आहे.