धसमुसळा, वेंधळा, धांदरट... काम नीट न जमणाऱ्याला नेमका कुठला शब्द लावायचा?

पावसचा_बागवाला:
नमस्कार मंडळी, आमची पावसजवळ हापूसची छोटी बाग आहे. सीझनला आंबे काढायला मुलं येतात आणि बाबा सरसकट सगळ्यांना धसमुसळे म्हणून मोकळे होतात, पण मी बघतोय ना, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. एक जण झेला (आंबे काढायची जाळी लावलेली काठी) असा हिसडतो की देठ मुळातूनच तुटतो, मग चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो, ते फळ पेटीत घालायच्या लायकीचं राहत नाही. दुसरा काढतो बरे पण क्रेटमध्ये ओततो बदाबदा. तिसऱ्याचं लक्षच नसतं, झेला फांदीत अडकलाय आणि हा रस्त्यावरची गाडी बघतोय. आणि एक पोरगेला आहे, यंदाच आलाय. सगळ्यांना एकच शब्द मला पटत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात? नुसती यादी नको, कुठे वापरता तेही सांगा.

गुहागरची_माई:
तुमचा पहिला तेवढा धसमुसळा. अंगात जोर आहे पण तो आवरता येत नाही, असा माणूस दार लावणार धाडकन, नारळ खवणार तर करवंटीचा भुगा खोबऱ्यात पाडणार. तिसरा वेंधळा, त्याच्या हाताला दोष नाही, चित्त थाऱ्यावर नाही. धांदरट म्हणजे घाईत सगळं सांडणारा. गबाळा, अजागळ हे शब्द तिथे नकोत, ते राहणीबद्दल जास्त वापरतात. शेळीच्या गळ्याखाली ती दोन लोंबतात ना, ज्यांचा काही उपयोग नसतो, त्यावरून संस्कृतात अजागलस्तन म्हणतात, अजागळ त्यातलाच. कामकऱ्या पोराला असलं काही म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

कुडाळकार:
दुसरो जो बदाबदा ओतता तो पाट्यो टाकता. म्हणजे मराठीत पाट्या टाकणे. मातीच्या, वाळूच्या पाट्या उचलायच्या आणि टाकायच्या, कशा पडल्या ते बघायचं नाही, आकडा भरला की झालं. त्याला येत नाही असं नाही, त्याला करायचं नाहीये. अशा माणसाला कितीही शिकवा, फरक पडत नाही, आधी मजुरी नगावर आहे की दिवसावर ते बघा. नगावर असेल तर तो ओतणारच.

दापोली_८७:
घिसाडघाई राहिला की. पण मला तो शब्द वापरताना नेहमी खटकतं. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार, आमच्याकडे कोयते शेवटायला, म्हणजे धार काढून द्यायला यायचे. तापलेलं लोखंड गार व्हायच्या आत ठोकायचं असतं, थांबलात तर पुन्हा भट्टीत घालावं लागतं, म्हणजे ती घाई हेच त्यांचं कसब. आणि आपण तो शब्द वाईट कामाला चिकटवलाय! तसंच उरक बघा. 'तिला कामाचा उरक आहे' ही शाबासकी, आणि 'त्याने उरकून टाकलं' ही तक्रार.

गुहागरची_माई:
उरकचं अगदी बरोबर. आणि त्या नवीन पोराबद्दल लिहायचं राहिलं. त्याला यातलं काहीच म्हणू नका, त्याचा अजून हात बसला नाही एवढंच. गणपतीत आमच्या घरी नवीन सुना-लेकी मोदक वळायला बसतात तेव्हा हेच होतं, पारी मध्ये पातळ आणि कडेला जाड होते, कळ्या दोन-तीनच निघतात आणि तोंड मिटवताना फुटतं. उकड गरम असतानाच मळायला हवी, गार झाली की चिरते, तेलपाण्याचा हात किती घ्यायचा हे बोटांना कळावं लागतं. ते तोंडाने सांगून येत नाही, शेजारी बसवून करून घ्यावं लागतं. पहिल्याच दिवशी वेंधळी म्हटलंत तर ती पुढच्या वर्षी पाटावर बसणार नाही.

कुडाळकार:
आमची आजी हेच म्हणायची, 'घाय कित्याक करतस, अजून तुजो हात बसूक नाय.' ओरडा वाटायचा नाही.

पावसचा_बागवाला:
माई, दापोली, कुडाळकार, खूप आभार. मजुरी क्रेटमागे आहे, म्हणजे कुडाळकारांनी बरोबर ओळखलं, ती दिवसावर करायचं आज बाबांशी बोललो, ते तयार आहेत पण मग दिवसाला कमी झाडं काढून होतील म्हणतात. पोरग्याला उद्यापासून बाबांच्याच झाडाला लावतो, देठ दोन बोटं ठेवून कसा कापायचा ते बघू दे. धसमुसळ्याचं काय करावं कळत नाही, स्वभावाने फार चांगला आहे.

दापोली_८७:
त्याला झेला देऊच नका. भरलेले क्रेट उचलून गाडीपर्यंत न्यायला ठेवा, जोर तिथे लागतो.