खळीचे रंगीत कागद: रेषा बुजतात, कागद वळतो

कागदीलिंबू:
वहीच्या पुठ्ठ्यांवर चढवायला खळीत रंग कालवून नक्षीचे कागद करते आहे. ४ चमचे मैदा, १ वाटी पाणी, शिजवून गार केलेली खळ, त्यात पोस्टर कलर. कागद ८० जीएसएमचा (एक चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम). आधी पतंगाच्या कागदाचे तुकडे चिकटवायचे, ते वाळले की वरून खळ फासून फणी ओढायची. पण रेषा मिनिटभरात बुजतात, पतंगाच्या कागदाचा लाल रंग सगळीकडे पसरतो आणि वाळलेल्या कागदाची सुरळी होते. हात लावला की रंगही निघतो.

पुठ्ठाबांधणी:
मैदा सोडा, कॉर्नफ्लोअर घ्या. पाव वाटी कॉर्नफ्लोअर पाव वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा, १ वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळा. कस्टर्डइतकं दाट झालं की उतरवून आणखी अर्धी वाटी पाणी. वर साय धरते म्हणून प्लॅस्टिक टेकवून गार करा आणि गाळून घ्या. एक गुठळी राहिली तरी फणीखाली ती लांबलचक ओरखडा काढते.

रेषा बुजतात, कारण खळ पातळ आहे. रंग पाणी घालून मिसळत असाल तर तेही थांबवा. अर्धी वाटी खळीला १ ते दीड चमचा ॲक्रिलिक रंग, ट्यूबमधून थेट. पोस्टर कलर वाळल्यावरही हाताला लागतो, पुठ्ठ्यावर तो टिकणार नाही.

८० जीएसएम ओला झाला की फणीने फाटतो. १२० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या. हातकागद नको, तो खळ शोषतो.

ओला_स्पंज:
वळण्याचं कारण वेगळं. खळ वाळताना आकसते आणि कागदाला आपल्याकडे ओढते. खळ लावण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी ओल्या स्पंजने पुसा, २-३ मिनिटं थांबा, मग काचेवर किंवा ॲक्रिलिक शीटवर सपाट चिकटवा. आडवे-उभे हात मारून पातळ थर द्या. जाड थर वाळला की घडीवर तडकतो, आणि पुठ्ठ्याची कड म्हणजे घडीच. पूर्ण वाळल्यावर बटर पेपर घालून मागच्या बाजूने कोमट इस्त्री, मग रात्रभर वजनाखाली.

फणीसाठी जुन्या प्लॅस्टिक कार्डाला कात्रीने दात पाडा. पुठ्ठ्याची फणी दोन-तीन ओढींत मऊ पडते.

पतंगाच्या कागदाचा रंग पाण्यात सुटतोच, म्हणून तुकडे मॅट मीडियमने (ॲक्रिलिकचा बिनरंगी, बिनचमकीचा द्रव; वाळला की पाण्यात विरघळत नाही) चिकटवा आणि वरूनही एक हात देऊन पूर्ण वाळू द्या. कडा उघड्या राहिल्या तर तिथूनच लाल उतरेल. इतका खटाटोप नको असेल तर त्याऐवजी मेणबत्ती घासा: मेण लागलेल्या जागी खळ धरत नाही, खालचा कागद दिसतो. मात्र त्या कागदाला इस्त्री करायची नाही, मेण वितळून डाग पडतो.

कागदीलिंबू:
खळ टिकायला मोरचूद घालू का? पुस्तकं बांधणारे बाइंडर घालतात.

पुठ्ठाबांधणी:
नको. ते विषारी, आणि तुम्ही तर खळीत बोटं घालणार. गरजेपुरतीच शिजवा, उरलेली फ्रिजमध्ये ३-४ दिवस. आंबट वास आला किंवा पाणी सुटलं की फेकायची.

आणि सुरुवातीला एकच रंग वापरा. अठराव्या शतकात जर्मनीतल्या हर्नहूट गावचे खळीचे कागद नावाजलेले होते, त्यांतले कितीतरी एकरंगी आहेत. दोन ओले रंग एकत्र फणीखाली आले की तिसऱ्या ओढीला चिखल.