आमची तुळस झाकली आणि घर चार सेकंद पडद्यावर आलं. शूटिंगला घर द्यावं की नाही?

बाल्कांवातला

मी सिनेमाचा वेडा. शाळेत असताना कुठे शूटिंग लागलंय असं कळलं की सायकल हाणत शापोऱ्यापर्यंत जायचो, तीन तास उन्हात उभा राहायचो आणि हिरोची पाठ बघून घरी यायचो. त्यामुळे गेल्या वर्षी लोकेशन शोधणारा माणूस आमच्याच दारात उभा राहिला तेव्हा 'या, बसा' म्हणायच्या आधी मी 'हो' म्हणून मोकळा झालो. घर पणजोबांनी बांधलेलं, उत्तर गोव्यात, बार्देशात. मंगळुरी कौलं, पुढे बाल्कांव म्हणजे बसायचा ओटा, अंगणात तुळशी वृंदावन. आम्ही हिंदू. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची सगळी भानगड तिथेच आहे.

सीन असा की मुंबईची हिरॉईन डिसोझा आंटीकडे भाड्याने राहायला येते. आर्टवाले सकाळी सहाला हजर. बाल्कांवाला निळा रंग मारला, भिंतीवर थर्माकोलचा क्रूस चढवला, दारावरचं तोरण काढून त्याच खिळ्याला गवताची टोपी अडकवली. मग वृंदावनाभोवती प्लायवुडची पेटी ठोकली आणि पुढे क्रोटनच्या कुंड्या मांडल्या. आई खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही.

संध्याकाळी टेक चालू असताना कॅमेरामन ओरडला, "हा कुठला लाइट लागलाय?" लाइटवाले वायरी तपासत फिरले. प्लायवुडच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. आईने मागून वाकून पणती लावली होती. "दिवो लायनासतना सांज कशी करपाची?" एवढंच म्हणाली. ती पणती विझवायला कोणी धजेना. लाइटदादा सोलापूरकडचा होता, त्यानेही हात मागे घेतला. तेल संपेपर्यंत युनिट चहा पीत बसलं.

सिनेमा आला. आमचं घर चार सेकंद दिसतं, मोजलेत मी. थिएटरात शिट्टी मारली. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "आमचं घर कधी दाखवलं?"

आता दुसऱ्या एका युनिटचा फोन आलाय. माझं मत अजूनही 'द्यावं' असंच आहे. शेवटी पाच रुपयांची पणती आणि थोडं प्लायवुड, एवढाच तर मामला. घरात मात्र दोन तट पडलेत. तुम्ही काय केलं असतं?

रोकडा

तत्त्वाचं नंतर बोलू. पैसे किती मिळाले?

बाल्कांवातला

दोन दिवसांचे चाळीस हजार. ते मुंबईच्या काकांना कळलं, मग बेळगावच्या आत्याला. गोव्यातल्या जुन्या घराला वाटेकरी किती असतात ते इथल्या कोणालाही विचारा. माझ्या वाट्याला अर्धा डबा निळा रंग उरलाय.

मळ्यावरची

चार सेकंद तुमचे, पण ताप अख्ख्या वाड्याचा. मी पणजीत मळ्याजवळ, फोंतेन्हास या जुन्या रंगीत घरांच्या वस्तीला लागून राहते. आमच्या गल्लीत मोठा सिनेमा वर्षातून एखाददा येतो. बाकीचे दिवस जाहिराती, गाण्यांचे व्हिडिओ, आणि लग्नाआधी एकमेकांच्या डोळ्यांत बघत फोटो काढून घेणारी जोडपी. पिवळी भिंत दिसली की पाठ टेकलीच. ती भिंत माझ्या स्वयंपाकघराची आहे हो! आत कुकरच्या शिट्ट्या होतात तेव्हा बाहेरून आवाज येतो, "मॅडम, दोन मिनिटं बंद ठेवाल का?"

एकदा सकाळी तोंडात ब्रश घेऊन खिडकी उघडली तर समोर रिफ्लेक्टर. फोटोग्राफर खूश, म्हणाला, "तशाच थांबा, खूप ऑथेंटिक वाटतंय." खिडकी लावून घेतली. 'इथे फोटो काढू नयेत' अशा पाट्या आमच्याकडे घरोघरी लागल्यात. लोक त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढतात. पर्रातल्या माडांच्या रस्त्याचं तेच झालं. त्या पंचायतीने 2019 मध्ये फोटो आणि शूटिंगवर पैसे आकारायला सुरुवात केली तेव्हा बाहेरचे हसले. मी हसले नाही.

तुम्ही घर दिलंत, ते तुमचं होतं. रस्ता कोणी दिला? दोन व्हॅनिटी आणि एक जनरेटर उभा राहिला की आमच्याकडे अॅम्ब्युलन्सच काय, पोदेराची (पाववाल्याची) सायकलसुद्धा आत येत नाही.

पॅकअप

मी याच धंद्यात आहे. लोकल प्रॉडक्शन बघतो, म्हणजे मुंबईचं युनिट उतरलं की त्यांना मासे कुठे चांगले मिळतात इथपासून परवानगीचा अर्ज कुठे द्यायचा इथपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. मळ्यावरची ताई, तुमचं रस्त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण लोक जनरेटर बघतात आणि त्याच्यामागे उभा असलेला माणूस बघत नाहीत. तो जनरेटर म्हापशातल्या एकाचा असतो, टेम्पो दुसऱ्याचा. दीडशे माणसांचं जेवण गावातल्या बाया करतात. क्राऊडमध्ये आपलीच कॉलेजची पोरं उभी राहतात. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात तेव्हा यातल्या काहींची चूल शूटिंगवर पेटते.

परवानगीचं सांगायचं तर गोवा मनोरंजन सोसायटीकडे अर्ज, मग पंचायत, पोलीस, किनारा असेल तर आणखी कागद. कागदावर सगळं छान असतं. घोळ होतो पॅकअपनंतर. 2020 च्या ऑक्टोबरात नेरुळला एक युनिट उठलं आणि मागे वापरलेले पीपीई किट आणि प्लास्टिकचा ढीग राहिला, आठवत असेल. देशभर बातमी झाली. बरोबरच झालं, पण त्यानंतर सहा महिने आम्ही कुठेही गेलो की पहिला प्रश्न, "कचरा कोण उचलणार?" आता मी स्वतः पोती घेऊन शेवटपर्यंत थांबतो. बायको म्हणते, फिल्म लाइनमध्ये आहे असं सांगून लग्न केलंत आणि काम भंगारवाल्याचं करता.

बाल्कांवातले साहेब, पुढच्या वेळी लेखी घ्या: रंग पूर्ववत, डिपॉझिट हातात, आणि वृंदावनाला हात लावायचा तर घरच्यांना विचारून. आपण मागत नाही म्हणून ते देत नाहीत.

डिचोलीकर

रंग, डिपॉझिट, कचरा हे सगळं सुटणारं आहे. आईंनी विचारलं ते सुटणारं नाही. घर दाखवलंच नव्हतं, मग त्यांना दिसणार कसं?

पन्नास वर्षं हिंदी सिनेमाचा गोवा बघतोय. किनारा, क्रूस, बाटली, स्कर्ट. मंगेशीची दीपमाळ नाही, शिगमो नाही, जत्रेतलं रात्रभराचं नाटक नाही. ज्या मंगेशीवरून मंगेशकर हे नाव आलं, जिथल्या दीनानाथांनी 1918 मध्ये बलवंत संगीत मंडळी उभी केली, त्या गावाच्या नावाने निम्म्या सिनेसृष्टीची गाणी वाजली. कॅमेरा मात्र बागा-कळंगुटच्या पुढे सरकत नाही. आमच्या डिचोली-सत्तरीत तर तो फक्त धबधबा शोधत येतो. दूधसागरापाशी पर्यटक कोकण-कर्नाटक काही विचारत नाहीत, 'चेन्नई एक्सप्रेस'ची गाडी कुठे थांबली ते विचारतात. शापोऱ्याचा किल्ला आदिलशाही, पोर्तुगीज, मराठे सगळ्यांनी बघितला. आज त्याचं नाव 'दिल चाहता है फोर्ट'. 2001 च्या आधी तिथे जणू दगडच नव्हते.

आणि तुम्ही पाच रुपयांची पणती म्हणता. तुमचं घर वापरून तुमच्या घरासारखं काहीच दाखवलं नाही, आणि तुम्ही शिट्टी मारलीत! राग येऊ देऊ नका, पण मला ती शिट्टी समजली नाही.

म्हापशाची फॅन

मला समजली. आपल्या उंबऱ्यावरून हिरॉईन चालत गेली, या एका गोष्टीसाठी शिट्टी. फॅन असणं म्हणजे आणखी काय असतं? सगळं तोलूनमापून आवडायचं असेल तर निबंध लिहावा.

काका, तुम्ही नाटकवाले, खरं सांगा: तुमच्या जत्रेतल्या नाटकात राजवाडा खरा असतो का? पडद्यावर रंगवलेला खांब चालतो, मग थर्माकोलचा क्रूस का चालत नाही?

डिचोलीकर

पोरी, आमचा खांब खोटा असतो हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं. सिनेमा बघून दिल्लीचा माणूस इथे येतो आणि मला विचारतो, "तुम्ही गोव्याचे, मग मराठी कसं काय बोलता?" माझ्या स्वतःच्या दुकानात विचारलंय हे.

लोटलीकर

तुळस झाकली याचं वाईट वाटलं, पण काका, ज्यांना दाखवलं त्यांचं तरी कुठे भलं झालं? माझ्या शेजारी खऱ्या डिसोझा आंटी राहतात. निवृत्त हेडमिस्ट्रेस. सकाळी पोदेराकडून उंडे मोजून घेतात, एक कमी आला तर इंग्रजीत भांडतात. दारू दूरच, डॉक्टरांनी कॉफीही बंद केलीय. पडद्यावरची आंटी बघून त्या म्हणाल्या, "ही बाई आमच्या इगर्जीत (चर्चमध्ये) तरी येत नाही."

गंमत अशी की पडद्यावर ज्यांना 'अरे मॅन' करत झुलायला लावलं, पडद्यामागे त्यांच्याच नोटेशनवर हिंदी संगीत उभं होतं. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे अरेंजर, म्हणजे गाण्यातल्या वाद्यांची मांडणी करणारे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. फ्रँक फर्नांड मुंबईत दुसऱ्यांच्या गाण्यांचं अरेंजिंग करत होते आणि त्यांनीच 1963 मध्ये 'आमचें नशीब' हा कोंकणी सिनेमा काढला.

आणि घराला घर म्हणून वापरणारेही झालेत. 1985 चा 'त्रिकाल' आमच्या लोटलीत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या घरात झाला. तिथे क्रूस लावावा लागला नाही, होताच. श्याम बेनेगलनी कथाच त्या घराला शोभेल अशी घेतली. द्यायचंच तर घर अशा माणसाला द्यावं.

पॅकअप

लोटलीकर, असा माणूस दर वर्षी आला असता तर आम्ही उपाशी मेलो असतो.

इफ्फीच्या रांगेतला

विषय थोडा वळवतो. 2004 साली इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आला तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात गळ्यात कार्ड अडकवून फिरतो. वीस वर्षांत एक गोष्ट बघितली: आपला माणूस नटाच्या अंगावर पडत नाही. माझ्यापुढे रांगेत एक मोठा अभिनेता उभा होता, नाव सांगत नाही. दिल्ली-मुंबईचे लोक मोबाइल काढून वेढा घालायला लागले. माझ्या शेजारचे ताळगावचे गृहस्थ त्याला एवढंच म्हणाले, "ही रांग पोर्तुगीज सिनेमाची, तुमची पलीकडे." तो हसला आणि पलीकडे गेला.

आसगाव, शिवोली, हळदोण्यात आता कितीतरी सिनेमावाले घर करून राहतात. ते इथे राहू शकतात ते याच स्वभावामुळे. म्हणून वाटतं, माणसांना आपण जे देतो तेच शूटिंगलाही द्यावं: जागा द्यावी, भाव देऊ नये.

म्हापशाची फॅन

हा स्वभाव की शिष्टपणा? शुक्रवारच्या बाजारात माझ्या आवडत्या नटीला चवरीस (गोव्याचं सॉसेज) घेताना बघितलं. वर टोपी, खाली गॉगल, पण चाल लपत नाही. मावशी म्हणाली, "बघू नकोस, बरं दिसत नाही." मी बघितलं नाही. आजतागायत पस्तावतेय. तिने भाव केला का, तेवढं तरी ऐकायला हवं होतं.

रोकडा

केला असणार. म्हापशात भाव न करणाऱ्याला चवरीसवाली दोनदा वजन करून दाखवते.

मळ्यावरची

इफ्फीवाले, 'भाव देऊ नये' वगैरे रांगेत ठीक आहे. माझ्या खिडकीशी जे उभे असतात ते नट नसतात, त्यामुळे तुमचा स्वभाव मला कामाचा नाही. आणि कामाचं म्हणाल तर पॅकअप, 2021 चा एप्रिल आठवा. कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झाली म्हणून मराठी मालिकांची युनिटं इथे उतरली. आपण घरात कोंडलेले, मुलं दारात येत नाहीत, आणि टीव्हीवर रोज नवा एपिसोड गोव्यातून. मे महिन्यात लोक उठले तेव्हा कुठे परवानग्या रद्द झाल्या. मला तेव्हा कळलं, या राज्याला रहिवासी आणि लोकेशन यांत आधी काय दिसतं.

पॅकअप

ते चुकलं होतं, मान्य. मी तेव्हा एका मालिकेवर होतो. संसर्ग नको म्हणून आई पडवीत आणि मी आतल्या खोलीत झोपायचो. पण घरात पैसे यायचं दुसरं साधन नव्हतं. ज्या दिवशी परवानगी गेली त्या दिवशी सुटल्यासारखंही वाटलं आणि पोटात गोळाही आला.

मळ्यावरची

हे मात्र मला माहीत नव्हतं. जनरेटरमागच्या माणसाचं चांगलं लिहिलंत. रस्त्याचं तरी बघा पण.

डिचोलीकर

बाल्कांवातले, तुम्ही गप्प का? शिट्टीचं उत्तर राहिलं.

बाल्कांवातला

शिट्टीचं उत्तर माझ्याकडे नाही, काका. आईने तो प्रश्न विचारला तेव्हा पायरी उतरताना पाय अडखळला, एवढं कबूल करतो. 'पाच रुपयांची पणती' हे वर मी उगाच लिहिलं.

आज संध्याकाळी नवा लोकेशनवाला येऊन गेला. आईच बोलली त्याच्याशी. चहा दिला, पॅकअपने सांगितलेलं सगळं लेखी मागितलं आणि वर आपली एक अट घातली: तुळस झाकायची नाही, सांजवातीला कॅमेरा बंद. त्याने अंगणात उभं राहून मोबाइल चौकटीसारखा धरला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. म्हणाला, "स्क्रिप्टमध्ये फर्नांडिस आहे, तुळस फ्रेममध्ये येतेच येते." आई म्हणाली, "मग फर्नांडिसाचं नाव बदला." तो हसला, पण आई हसत नव्हती.

आता तो शेजारच्या घरी गेलाय. तिथे तुळस नाही, पण त्यांचा कुत्रा गेल्या वेळी 'रोलिंग' म्हटलं की भुंकायला शिकलाय. ते मी त्याला सांगितलेलं नाही.