कोना कॉफीच्या पाकिटावर "ब्लेंड" म्हणजे काय? आणि आपल्या कोकणात असं जमेल का?

अनघा_सॅनहोजे
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात हवाईच्या बिग आयलंडला जाऊन आलो, येताना घरच्यांसाठी कोना कॉफीची (कोना हा त्याच बेटाचा एक भाग) चार पाकिटं घेतली, आणि घरी येऊन नीट वाचलं तर बारीक अक्षरात 10% कोना. बाकीची 90% कुठली, काही पत्ता नाही. खूप वाईट वाटलं हो, कारण त्याच ट्रिपमध्ये एका शेतावर 100% कोना प्यायले होते, साखर न घालता, आणि कडवटपणा जवळजवळ नव्हताच. तर एक म्हणजे हे कायद्याने चालतं का? आणि दुसरं, सावंतवाडीजवळ भावाची अडीच एकर उताराची जमीन आहे, तो म्हणतोय कोनाचे लोक तीन-चार एकरात नाव कमावतात तर आपण का नाही?

बिग_आयलंडकर
चालतं, दुर्दैवाने. 1991 पासून हवाईचा कायदा आहे, किमान 10% कोना असली की पाकिटावर कोना ब्लेंड, म्हणजे मिश्रण, लिहिता येतं. शेतकरी इतकी वर्षं याच्याशी भांडतायत, शेवटी 2024 ला कायदा बदलला आणि 1 जुलै 2027 पासून निदान 51% लागणार. त्याआधी 2019 ला त्यांनी सिएटलच्या कोर्टात केस टाकली होती, नावालाच कोना असलेला माल विकणाऱ्यांवर. त्यात दाण्यांतली खनिजं लॅबमध्ये तपासली, कारण इथली जमीन ज्वालामुखीची, त्यामुळे दाण्यात काही खनिजांचं एकमेकांशी प्रमाण वेगळं येतं आणि खोटं पकडता येतं. सगळ्या तडजोडी मिळून 4 कोटी डॉलरच्या वर गेल्या. पुढच्या वेळी "100% कोना" आणि शेताचं नाव दोन्ही बघूनच घ्या, आणि जमलं तर थेट शेतावरूनच, पैसे त्याच घरात जातात.

देवगडचा_बागायतदार
वाचून अंगावर काटा आला, अगदी हापूसचीच गोष्ट! पेटीवर देवगड छापलेलं आणि आत भलताच आंबा, आम्ही दरवर्षी बघतो. 2018 ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय त्या कागदाचा उपयोग नाही. ताई, तुम्ही पाकीट उलटून वाचलंत ना, तेच सगळ्यांनी केलं पाहिजे.

कृषी_पदवीधर
भावाच्या प्रश्नाचं सांगतो. कोना मुंबईपेक्षा फार उत्तरेला नाही, 19-20 अंशांतच, आणि कॉफी लागते 150 ते 900 मीटरवर, म्हणून वाटतं की आपल्याकडे पण येईल. पण तिथे सकाळी ऊन आणि दुपारनंतर हुआलालाई आणि मौना लोआ या डोंगरांच्या उतारावर ढग येतात, म्हणजे झाडाला रोज फुकटची सावली, चारी बाजूंनी समुद्र म्हणून मे महिन्यासारखी होरपळ नाही. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. आपल्याकडे अरेबिकाला साधारण 1000 मीटरच्या वरची जागा लागते, महाराष्ट्रात चिखलदऱ्याला कॉफी होते ती त्यामुळेच. सावंतवाडीला अरेबिका नको. रोबस्टा सुपारीच्या सावलीत थोडी लावून बघता येईल, पण पाणी साचता कामा नये.

आणि मेहनत कमी समजू नका. फळं एकदम पिकत नाहीत, लाल तेवढीच हाताने तोडायची, एकाच झाडावर परत परत जायचं, अंदाजे सात पाऊंड फळांतून एक पाऊंड भाजलेली कॉफी निघते. त्यात 2010 ला तिथे फळ पोखरणारा भुंगा सापडला, ते लोक त्यावर बिव्हेरियाच फवारतात, आपण वापरतो तीच बुरशी. 2020 ला हवाईत पानांवरचा तांबेरा रोगपण आला, ज्याने एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेची कॉफी संपवली आणि तिथे चहा आला.

बिग_आयलंडकर
अगदी बरोबर. तोडणीचं काम एवढं की 1969 पर्यंत कोनातल्या शाळांची मोठी सुट्टी ऑगस्ट ते नोव्हेंबर असायची, मुलं घरच्या तोडणीला. जपानी कुटुंबांनी वाळवणाच्या ओट्यांवर रुळांवर सरकणारं छप्पर बसवलं, होशिदाना म्हणतात, दुपारी पाऊस आला की ढकलून झाकायचं. अजून काही शेतांवर बघायला मिळतं. आणि जाहिरातीचं म्हणाल तर 1970 च्या आसपासपासून दर नोव्हेंबरला इथे कॉफी महोत्सव भरतो, शेतकरी स्वतः येऊन कप पाजतात. मला वाटतं नाव त्यानेच टिकलं, गिऱ्हाइकाला शेतकऱ्याचा चेहरा माहीत असतो.

अनघा_सॅनहोजे
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला आत्ताच फोन केला, तो म्हणाला आधी सुपारीत रोबस्टाची वीसच रोपं लावतो, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं ते बघून जागा ठरवतो. वाळवणाला तसं सरकतं छप्पर आपल्याकडे कुणी केलंय का, कोकमाच्या सालींसाठी वगैरे? फोटो असेल तर टाका ना, त्याला दाखवते.

देवगडचा_बागायतदार
आमच्याकडे कोकमं आणि आमसुलं ताडपत्रीखालीच, जून लागला की नुसती पळापळ. रुळांची आयडिया लोहाराला विचारतो उद्याच.